तिरक्या रेघेतून उलगडणारी उतरंड

बावडा हे गाव पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात आहे. कसबा बावडा कोल्हापूर शहरात आहे आणि गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातील एक तालुका. नुसते 'बावडा' लिहिले, तर वाचणारा माणूस संदर्भाने अंदाज बांधतो. संगणकाला मात्र पूर्ण पत्ता लागतो. म्हणून गावांच्या याद्यांत 'महाराष्ट्र/पुणे/इंदापूर/बावडा' अशी सलग अक्षरमाला वापरता येते. संगणकाच्या परिभाषेत तिला 'पाथ' म्हणजे मार्ग म्हणतात आणि मधल्या तिरक्या रेघेला विभाजक.

असे हजारो मार्ग एकाखाली एक लिहिले, की तयार होते ती सपाट यादी. इंदापूर तालुक्यातील गावे हवी असल्यास ती सगळी चाळावी लागते. तेच मार्ग एकात एक बसणाऱ्या कप्प्यांत मांडले, तर राज्याच्या कप्प्यात जिल्हा, त्यात तालुका आणि त्यात गाव अशी उतरंड तयार होते. या रचनेस 'नेस्टेड अ‍ॅरे' असे नाव आहे.

इंदापूर आणि भूमापन क्रमांक

जमिनीच्या नोंदींतही अशीच उतरंड असते आणि तिचा इंदापूरशी जुना संबंध आहे. प्रिंगल यांची आधीची मोजणी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी याच तालुक्यात नवी पाहणी केली. तिच्या आधारे १८३६ मध्ये येथे नवी सारापद्धती लागू झाली व पुढे ती मुंबई इलाख्यात पसरली. एक बैलजोडी कसू शकेल अशा बेताने शेताचे क्षेत्र धरून त्यास क्रमांक देणे, हा तिचा पाया होता. वारसांत वाटण्या होत गेल्या, तसे मूळ क्रमांकाला पोटहिस्से जोडले गेले. उदाहरणादाखल, '४५/२/अ' म्हणजे ४५ क्रमांकाच्या दुसऱ्या हिश्शातील 'अ' पोटहिस्सा. ही तिरकी रेघ संगणकापूर्वीचीच आहे.

रूपांतराची रीत

प्रथम विभाजकापाशी मार्गाचे तुकडे पाडतात. पीएचपी भाषेत यासाठी 'एक्स्प्लोड', तर जावास्क्रिप्ट व पायथनमध्ये 'स्प्लिट' हे फलन आहे. मग मुळापासून आरंभ करून प्रत्येक तुकड्याच्या नावाचा कप्पा आहे का, ते पाहतात. नसल्यास रिकामा कप्पा निर्माण करून त्यात उतरतात. असल्यास थेट उतरतात. अखेरच्या कप्प्यात मूळ माहिती ठेवतात आणि पुढच्या मार्गासाठी पुन्हा मुळाशी येतात. दोन मार्गांचा आरंभ समान असेल, तर तेवढे कप्पे एकदाच तयार होतात.

पीएचपीमध्ये एक दक्षता आवश्यक असते. तेथे अ‍ॅरे दुसऱ्या चलात ठेवला, की तो स्वतंत्र प्रत म्हणून वागतो. त्यामुळे खाली उतरताना संदर्भचिन्ह वापरले नाही, तर बदल प्रतीत होतात आणि मूळ रचना रिकामीच राहते.

फसगतीच्या जागा

'महाराष्ट्र/पुणे/इंदापूर/बावडा/४५/२' या मार्गात '४५/२' हे एक नाव आहे की दोन पायऱ्या, हे संगणकास कळत नाही. नावांमध्येच येणारे चिन्ह विभाजक म्हणून न वापरणे, हा त्यावरील सोपा उपाय. मार्गाच्या आरंभी अथवा अखेरीस रेघ असल्यास रिकामा तुकडा पडतो; तो गाळावा लागतो. देवनागरी ४५ आणि रोमन अंकांतील तीच संख्या संगणकाला भिन्न वाटतात. गावाच्या नावामागे चुकून एक मोकळी जागा राहिली, तरी दुसरा कप्पा उघडतो. नामांतराचेही तसेच. औरंगाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या व नव्या याद्या एकत्र केल्यास एकाच जिल्ह्याच्या दोन शाखा होतात.

सर्वांत गंभीर अडचण पालक नोंदीची. '४५' या नोंदीत खातेदाराचे नाव आधीच असेल आणि नंतर '४५/१' आले, तर ४५ च्या जागी कप्पा करावा लागतो. बेसावध प्रोग्रॅम तेथील नाव पुसून कप्पा करतो. यादीत त्रुटीची सूचना येत नाही, पण एका शेतकऱ्याची नोंद नाहीशी होते. यासाठी प्रत्येक कप्प्यात 'माहिती' आणि 'उपविभाग' अशी दोन स्वतंत्र घरे ठेवणे हितावह ठरते.

रूपांतर बिनचूक झाले की नाही, हे पडताळण्याची रीत साधी आहे. तयार उतरंडीतून माहिती असलेल्या प्रत्येक कप्प्याचा मार्ग पुन्हा लिहून काढावा आणि स्वच्छ केलेल्या मूळ यादीशी ताडून पाहावा. एकही नोंद कमी-अधिक भरली, तर ती यादी वापरात आणण्यापूर्वीच दोष शोधता येतो.