पत्र्याचा भाव, घराचा भाव

"पत्र्यातच राहायचं होतं तर तुला इंजिनिअर कशाला केली?"

आईचा हा प्रश्न मला अपेक्षित होता. मी तिला मोबाईलवर टेक्सासमधल्या एका घराचा व्हिडिओ दाखवत होते. बाहेरून काळ्या पत्र्याचं गोदाम, आत वीस फूट उंच दिवाणखाना, लाकडी जिना, मोठाल्या खिडक्या. निफाड तालुक्यात आमची थोडी जमीन आहे. माझं काम लॅपटॉपवर चालतं, आठवड्यातून एकदा ऑफिसला गेलं तरी पुरतं. तिथे असंच एक घर बांधावं, असं मी वर्षभर घोकत होते. 'फ्लॅटच्या निम्म्या पैशात होतं' हा माझा मुख्य मुद्दा.

आईने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि वरचा प्रश्न विचारला. तिचं लहानपण पत्र्याच्या दोन खोल्यांत गेलंय. उन्हाळ्यात दुपारी बाया गहू निवडायला बाहेर लिंबाखाली बसायच्या, कारण घरात बसवायचं नाही. पावसाळ्यात शेजारच्या खोलीतली हाक ऐकू यायची नाही. लग्न ठरलं तेव्हा 'मुलाकडे स्लॅबचं घर आहे' हे वाक्य आजीने किती जणांना सांगितलं, ते आई अजून हसत सांगते.

मग मी दोन गोष्टी केल्या. एक, बजेटची एक्सेल शीट उघडली. दोन, हा पत्रा मुळात आला कुठून, ते वाचायला लागले. दोन वेगळी कामं आहेत असं मला वाटलं होतं, पण ती एकाच ठिकाणी जाऊन पोचली.

*

व्हिडिओतल्या घरांना अमेरिकेत 'बार्नडोमिनियम' म्हणतात. बार्न म्हणजे गोठा आणि धान्याचं कोठार एकत्र. १९८९ मध्ये कनेक्टिकटच्या कार्ल निल्सन नावाच्या बिल्डरने हा शब्द काढला. घोडे पाळणाऱ्यांची वसाहत, माणूस आणि घोडा एकाच आवारात, अशी त्याची कल्पना होती. म्हणजे शब्द पस्तीसेक वर्षांचा. पत्रा मात्र बराच जुना आहे.

१८२९ मध्ये लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर या इंजिनिअरने पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं. कल्पना इतकी साधी आहे की आपल्याला का सुचली नाही असं वाटतं. वहीचा एक कागद दोन्ही टोकांना धरा, तो मध्ये लोंबतो. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घाला, आता तो पेन्सिलही पेलतो. पामरने लोखंडाच्या पातळ पत्र्याला अशाच घड्या घातल्या. पातळ लोखंड गंजतं, त्यावर १८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेलने जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. ताकद आणि टिकाऊपणा एकत्र आल्यावर पत्रा जहाजांवर चढला. तो हलका होता, एकावर एक रचता यायचा, वाटेत फुटायचा नाही.

१८५०च्या दशकात ऑस्ट्रेलियात सोन्यासाठी झुंबड उडाली. मेलबर्नला माणसं होती, घरं नव्हती. इंग्लंडच्या कारखान्यांनी अख्खी लोखंडी घरं सुट्या भागांत पाठवली. त्यातली काही साउथ मेलबर्नमध्ये आजही जपून ठेवली आहेत. जाहिरातीत घर, बोटीचं भाडं, जोडणी असा सगळा हिशोब होता. ऑस्ट्रेलियाच्या उन्हाचा नव्हता. थंड इंग्लंडमध्ये आखलेलं घर तिथे भट्टीसारखं तापायचं.

पत्र्याच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा दिसतं. घेणारा पत्र्याचा भाव बघतो आणि घराचा भाव नंतर दुसरंच कुणीतरी भरतं.

*

आपल्याकडे हा भाव सगळ्यात स्पष्ट कधी दिसला असेल, तर १९९३ मध्ये.

त्याआधी थोडं गणित. छताच्या एका चौरस मीटरचं वजन किती? मराठवाड्यातल्या जुन्या माळवदावर फूटभर मातीचा थर धरला, तर साधारण ५०० किलो. पाच इंची स्लॅब असेल तर ३०० किलोच्या वर. मंगलोरी कौलं वाशा-रिपांसकट ६५ किलोच्या आसपास. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा? चार किलो.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारला काही मिनिटं असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास ८,००० माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर ते माळवद, हे सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. उन्हाळ्यात थंड ठेवणारं, पिढ्यान्‌पिढ्या शहाणपणाचं मानलेलं घरच अंगावर पडलं.

वाचलेल्यांना सरकारने तात्पुरता निवारा म्हणून पत्र्याची शेड दिली. भीती होती तोवर ती बरी वाटली, कारण चार किलोचं छप्पर पडलं तरी माणूस मरत नाही. मग उन्हाळा आला. मराठवाड्याचा उन्हाळा आणि उघडा पत्रा. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला, ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली. पण गाव बांधायला वर्षं लागतात, तोवर लोक शेडमध्येच होते.

पुढेही तेच झालं. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. वाचलेले लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, नवं गाव २०१७ मध्ये मिळालं. जुलै २०२३ मध्ये रायगडातल्या इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा लोकांना कंटेनरच्या घरांत हलवलं. साहित्य बदललं, 'तात्पुरतं' हा शब्द तोच राहिला.

इथे मला आईच्या प्रश्नाचा अर्थ लागला. मराठीत पत्रा म्हणजे फक्त छप्पर नाही. पत्रा म्हणजे अजून घर झालेलं नाही. गंमत म्हणजे आपली जनगणना छताच्या साहित्यात पन्हळी पत्र्याला स्लॅब आणि कौलांसोबत पक्क्यात धरते. सरकारी तक्त्यात आईचं माहेर पक्कं ठरलं असतं. तिथे दुपार काढलेल्या माणसाला ते कधीच तसं वाटलं नसतं.

तक्ता छत कशाचं आहे ते विचारतो, आत किती तापतं ते विचारत नाही.

*

मग पत्र्याखाली नीट राहता येतच नाही का? येतं. आमच्याकडे कांदा राहतो.

निफाड, येवला, चांदवडकडे कुठेही गाडी घाला, रस्त्याच्या कडेला कांदाचाळी दिसतात. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चांगला भाव यायची वाट बघत दिवाळीपर्यंतही साठवला जातो. छप्पर बहुतेक वेळा पत्र्याचंच. कांदा गरमीने आणि कोंदटपणाने सडतो, म्हणून चाळ जमिनीपासून उचललेली असते आणि तळातून हवा शिरते. बाजूंना फटी ठेवलेल्या पट्ट्या. पाखं भिंतीच्या बाहेर आलेली, म्हणजे ऊन आणि पाऊस थेट आत येत नाही. चाळीची रुंदी बेतशीर, म्हणजे मधल्या कांद्यालाही वारा लागतो. बरेच शेतकरी वर उसाचं पाचट टाकतात.

हे सगळं आम्हा सगळ्यांना पाठ आहे. कांदा सडला तर नुकसान किलोत मोजता येतं, म्हणून चाळीचा विचार नीट होतो. मजुराच्या खोलीचं नुकसान कोण मोजणार? एकाच शेतात, एकाच पत्र्याखाली, कांद्याची सोय माणसापेक्षा बरी असते. हे मी लहानपणापासून बघत होते, पण बजेट मांडेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

*

आता शीट.

सातपूरला एका फॅब्रिकेटरकडे गेले. २० बाय ४० फूट, म्हणजे ८०० चौरस फूट, काय भाव? त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "ताई, पत्र्याचा भाव विचारताय का घराचा?"

मी पत्र्याचा विचारून आले होते. घराचा भाव काढायला आणखी दोन महिने गेले. हे माझे आकडे आहेत, आमच्या जमिनीसाठी, वेगवेगळ्या लोकांना विचारून मांडलेले. तुमचे वेगळे येतील, पण रकाने हेच असतील.

लोखंडी सांगाडा आणि बाहेरचा पत्रा: ३,८०,०००
पाया, जोतं, कोबा: २,६०,०००
छताचं इन्सुलेशन आणि सीलिंग: २,२०,०००
आतल्या भिंती: २,७०,०००
दारं-खिडक्या: १,७०,०००
वायरिंग: १,३०,०००
नळ, संडास-बाथरूम, सेप्टिक टँक, टाकी: २,४०,०००
फरशी, ओटा, रंग: २,३०,०००
मुरमाचा रस्ता आणि वीजजोडणी: १,४०,०००
नकाशा, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, परवानग्या: ८०,०००

बेरीज २१,२०,०००. अडीअडचणीला १० टक्के धरले की २३,३२,०००. यात व्हिडिओत दिसणारं 'लोखंडी घर' ३,८०,०००चं. रुपयातले सोळा पैसे.

हेच घर विटा-स्लॅबचं बांधलं तर? खालचे सहा रकाने तसेच राहतात. वरच्या चार रकान्यांचे ११,३०,००० होतात, त्याऐवजी ठेकेदाराने १३ लाख सांगितले. फरक एक लाख सत्तर हजारांचा. निम्म्या पैशात घर होतं हा माझा मुद्दा तिथेच संपला. लोखंडी घरात वाचतो तो मुख्यतः वेळ: आठ-नऊ महिन्यांऐवजी तीन-चार.

दोन रकान्यांबद्दल मुद्दाम सांगते, कारण लोक कात्री तिथेच लावतात.

पहिला पाया. 'हलकं घर आहे, पाया कशाला एवढा?' हे मला चार जणांनी ऐकवलं. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५, नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतं, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या वर जातो. पत्रा चार किलोचा. वारा पाख्याखाली शिरला की छताला वर उचलतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात कोकणातल्या घरांचे पत्रे असेच उडाले. म्हणजे जड घराचा पाया घर पेलतो, हलक्या घराचा पाया घर धरून ठेवतो. त्यात आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खोदायलाच हवं.

दुसरा इन्सुलेशन. नाशिकच्या एप्रिलमध्ये दुपारचा उघडा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो आणि त्याखालचं छत तीच उष्णता खाली फेकतं. म्हणून वरचा पत्रा पांढरा, खाली इन्सुलेशनचा थर, मग हवेची पोकळी, मग सीलिंग. पाखी तीन फूट बाहेर. तळातून हवा आत आणि मुंढ्याशी गरम हवा बाहेर जायला वाट, हे थेट कांदाचाळीतून उचललं. इन्सुलेशनने पावसाचा आवाजही बराच दबतो. हे २,२०,००० वाचवायचे असतील तर घर बांधूच नये, चाळ बांधावी.

आणि कागद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची आहे. तिचं कलम ४१ शेतकऱ्याला शेतीच्या कामासाठी आपल्या जमिनीवर इमारत बांधू देतं, पण त्याला अटी आहेत. कलम ४२ बिगरशेती वापराबद्दल आहे. 'पत्र्याचं आहे, उद्या काढून टाकू, परवानगी कशाला?' असं सांगणारे भेटतील. तात्पुरतं म्हणून बांधलेलं घर कागदावरही तात्पुरतंच राहतं, आणि मग बँक कर्जाला हात आखडता घेते. तलाठी आणि नियोजन प्राधिकरणाकडे आधी जा, फॅब्रिकेटरकडे नंतर.

*

शीट पुरी झाल्यावर आईला दाखवली. एक्सेलला ती घाबरत नाही, भिशीचा हिशोब मोबाईलवरच ठेवते. तिने सगळे रकाने सावकाश वाचले. इन्सुलेशनच्या ओळीवर थांबली.

"हे एवढे पैसे कशाचे?"

"दुपारी घरात बसता यावं म्हणून."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या वेळी हे कुणी मांडलंच नाही ना. नाना पत्रे घेऊन आले, चार दिवसांत उभं केलं. स्वस्तात झालं म्हणून पेढे वाटले."

नानांनी चूक केली असं मला वाटत नाही. त्यांच्या हातात पत्र्यापुरतेच पैसे होते. बाकीचा भाव आजीने आणि आईने भरला, रोज दुपारी, लिंबाखाली बसून.

घर अजून बांधलेलं नाही. २३ लाख जमायला दोन वर्षं लागतील. स्लॅब की पत्रा, हेही पक्कं नाही. फक्त आईने शीटमध्ये स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे, रक्कम न लिहिता: 'पूर्वेला लिंबाचं झाड'. ते मात्र आम्ही याच पावसाळ्यात लावणार आहोत, कारण त्याला सावली धरायला घरापेक्षा जास्त वेळ लागतो.