एनकेएन म्हणजे काय? आणि ऐरोलीतल्या स्टार्टअपला ते मिळतं का?

ऐरोलीत फायबरची काही कमी नाही. माइंडस्पेसमधली ऑफिसं असोत की ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर्स, पैसे मोजले की लीज्ड लाइन मिळते. तरी एक प्रश्न नेहमी कानावर येतो: ‘आयआयटीवाल्यांचं ते सुपरफास्ट नेटवर्क आपल्या कंपनीला घेता येईल का?’ कनेक्शन म्हणून विचारत असाल, तर नाही.

ते नेटवर्क म्हणजे नॅशनल नॉलेज नेटवर्क, एनकेएन. 2010 मध्ये मंजुरी मिळाली, उभारणी एनआयसीने केली. त्याच्याआधीचं अर्नेट तर 1986 चं. सुरुवातीच्या आठ संस्थांमध्ये पवईची आयआयटी आणि जुहूचं एनसीएसटी (आता सी-डॅकमध्ये विलीन) होतं. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 ला, व्हीएसएनएलकडून. म्हणजे देशात नेट आधी आलं ते प्रयोगशाळांत.

एनकेएन म्हणजे ‘जास्त स्पीडचं जिओ’ नव्हे. हा संस्थांमधला वेगळा रस्ता आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये सर्नच्या प्रयोगाचा डेटा येतो. तो प्रचंड असतो, आणि असल्या वाहतुकीसाठीच हा रस्ता बांधलाय. रीलचं बफरिंग थांबवायला नाही!

मग कंपन्यांना का नको? एक तर पैसा सरकारी, संशोधनासाठी दिलेला. दुसरं, इंटरनेट विकायचं तर दूरसंचार खात्याचं लायसन्स लागतं. कॉलेजने शेजारच्या कंपनीला लाइन वाटून दिली तर ते चालणार नाही. अमेरिकेच्या एनएसएफनेटवरही धंद्याच्या ट्रॅफिकवर बंधनं होती. 1995 मध्ये ते बंद होऊन सगळं खाजगी कंपन्यांकडे गेलं. ब्रिटनचं जॅनेट मात्र विद्यापीठांसोबत काम करणाऱ्या उद्योगांना काही अटींवर जोडून घेतं. आपल्याकडेही तसं व्हावं, असं मला वाटतं.

तोवर वाट एकच: संस्थेसोबत संयुक्त प्रकल्प. मशीन संस्थेचं, लॉगिन संस्थेचं, निकाल कोणाचा हे करारात लिहिलेलं. शेवटचा मुद्दा तोंडी ठेवू नका. फक्त जीपीयू हवेत तर एनकेएनच्या मागे लागूच नका. इंडियाएआय मिशनमध्ये स्टार्टअपना सवलतीत कॉम्प्युट मिळतं, आणि तिथे साधं ब्रॉडबँड पुरतं.

आता कॉलेजात असाल तर हे वाचाच. वाय-फायच्या यादीत ‘एडुरोम’ दिसलं आणि तुमचं कॉलेज सदस्य असेल, तर कॉलेजचाच आयडी दुसऱ्या सदस्य संस्थेतही चालतो. पण हा आयडी अभ्यासासाठी आहे. त्यावर ॲपचा सर्व्हर, ग्राहकांचा डेटा, डोमेनचं लॉगिन ठेवलंत आणि पदवीनंतर खातं बंद झालं, तर पासवर्ड रीसेटचा मेलही त्याच बंद खात्यावर जाईल. धंद्याचा पहिला ईमेल स्वतःच्या डोमेनवर काढा, आजच.