गट नंबर टाकला की शेताचा नकाशा मोबाईलवर. पण बांध त्यावर ठरत नाही

शेताचा नकाशा पाहायचा तर पूर्वी तालुक्याला भूमी अभिलेख कार्यालयात हेलपाटे घालावे लागत. २००५ मध्ये गुगल मॅप आणि गुगल अर्थ आले, २००९ मध्ये इस्रोचे भुवन आले आणि आपलं घर, विहीर, ओढा वरून कसा दिसतो हे कुणालाही बघता येऊ लागलं. पण त्यात गट नंबर नव्हते. ती सोय राज्य सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर आहे.

तिथे रुरल निवडून जिल्हा, तालुका, गाव टाकायचं आणि गट नंबर शोधायचा. गटाचा आकार, शेजारचे गट नंबर, खातेदारांची नावं दिसतात. पैसे लागत नाहीत. जमीन घ्यायची असेल तर सातबाऱ्यासोबत हा नकाशा जरूर बघा. गट रस्त्याला लागून आहे की आत, हे लगेच कळतं. एजंट दाखवतो एक आणि गट निघतो दुसराच, असंही होतं.

आता महत्त्वाचं. हा नकाशा मूळ गाव नकाशावरून केलेला आहे. भावाभावांत वाटणी झाली, सातबारे वेगळे झाले, पण पोटहिस्स्याची मोजणी झाली नसेल तर नकाशात अख्खा गट एकच दिसतो. उपग्रहाचा फोटोही आजचा नसतो, कधी वर्ष-दोन वर्षं जुना असतो.

काही जण मोबाईल हातात घेऊन बांधावरून चालतात आणि ॲपवर क्षेत्र काढतात. फवारणीला, ठिबकच्या अंदाजाला ते चालतं. पण उघड्या रानातसुद्धा मोबाईलचं जीपीएस पाचेक मीटर इकडंतिकडं होतं. १०० मीटर लांबीच्या बांधावर ५ मीटरचा फरक म्हणजे ५०० चौरस मीटर, जवळजवळ ५ गुंठे! एवढ्यावरून शेजाऱ्याशी डोकी फुटायला वेळ लागत नाही. झाडाखाली तर फरक आणखी वाढतो.

हद्दीचा वाद असेल तर ई-मोजणीवर अर्ज करून फी भरायची. भूमी अभिलेखचे भूकरमापक येऊन मोजतात, लगतच्या खातेदारांना आधी नोटीस जाते. मोजणीनंतर मिळणारी 'क' प्रत जपून ठेवा, कोर्टात तीच दाखवावी लागते.