कार्ड वाचणारं हेड आणि त्याची स्प्रिंग

मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. आजचा विषय ऐकून पारशिवनीतल्या दोघा-तिघांनी विचारलं, सर, तुम्ही ह्या भानगडीत कसे? स्वाइप मशीनमध्ये एक इवलंसं हेड असतं, ते पातळ पोलादी पट्टीवर बसवलेलं असतं, ह्यावर तासभर बोलायचं तरी काय? सांगतो. ज्ञान कसं होतं, हा आमच्या शास्त्रातला जुना प्रश्न. न्यायदर्शन म्हणतं, इंद्रिय आणि वस्तू यांचा संनिकर्ष, म्हणजे संपर्क झाला की प्रत्यक्ष ज्ञान होतं. कार्ड वाचणाऱ्या हेडपुढे नेमका हाच प्रश्न होता, आणि तो अभियंत्यांनी स्प्रिंगने सोडवला.

आधी थोडा इतिहास पाहू. 1898 साली डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेन यांनी पोलादी तारेवर आवाज चुंबकीय रूपात साठवून दाखवला. 1928 साली जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी कागदी पट्टीवर चुंबकीय भुकटी बसवली. टेपरेकॉर्डरची फीत ही त्याचीच पुढची पिढी. मग 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमचे अभियंते फॉरेस्ट पॅरी ह्या फितीचा तुकडा प्लास्टिकच्या ओळखपत्रावर चिकटवायच्या खटपटीत होते. डिंक लावला की फीत सुरकुतायची. घरी पत्नी इस्त्री करत होत्या, त्यांनी इस्त्रीनेच चिकटवून पाहिलं आणि जमलं, अशी गोष्ट सांगतात. 1969च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यात रॉकव्हिल सेंटर इथे चुंबकीय पट्टीचं कार्ड घेणारं एटीएम सुरू झालं. भारतात पहिलं एटीएम 1987 साली मुंबईत एचएसबीसी बँकेने बसवलं.

ह्या इतिहासात पट्टीचं नाव येतं, बँकेचं येतं. हेडला धरून ठेवणाऱ्या पट्टीचं कुठेच येत नाही. म्हणून आज तिच्याबद्दल बोलू.

हेड म्हणजे काय? लोहचुंबकीय धातूचं छोटं कडं, त्याला तारेचं वेटोळं, आणि कड्याला एका जागी अतिशय बारीक फट. फटीसमोरून चुंबकीय खुणा सरकल्या की वेटोळ्यात क्षीण वीज उठते. बँकेच्या कार्डावर अशा खुणांच्या तीन ओळी ठरलेल्या आहेत. पहिल्या ओळीत एका इंचात 210 खुणा, दुसरीत 75. म्हणजे पहिल्या ओळीतली एक खूण 0.12 मिलिमीटरची.

आता गंमत बघा. हेड आणि पट्टी यांच्यात अंतर पडलं की संकेत झपाट्याने घटतो. आपल्या डोक्याचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाडीचा असतो. तेवढी फट राहिली, तर पहिल्या ओळीतल्या सर्वांत दाट खुणांचा संकेत सुमारे अडतिसाव्या हिश्शावर येतो. दुसऱ्या ओळीतला साधारण चौथा हिस्सा उरतो. आपण ‘केसाने गळा कापला’ म्हणतो ना, इथे तो अक्षरशः कापला जातो.

आठवतात ना कॅसेटी? कॅसेटमध्ये फितीच्या मागे नमद्याचा लहानसा तुकडा असायचा, पातळ स्प्रिंगवर. तो फितीला हेडवर दाबून धरायचा. फीत मऊ, म्हणून हेड ताठ उभं राहिलं तरी चालायचं. कार्डाचं उलट आहे. ते 0.76 मिलिमीटर जाड, कडक प्लास्टिक. मागच्या खिशात बसून वाकलेलं, उन्हात किंचित पिळलेलं, कुठे खरचटलेलं. ते हेडसाठी सरळ होणार नाही. मग कोणी वाकायचं? हेडने.

म्हणून स्वाइप मशीनमध्ये हेड पक्कं ठोकत नाहीत. एक पातळ स्प्रिंग-पट्टी घेतात, तिच्या मधोमध हेड बसवतात, आणि पट्टीची टोकं खाचेच्या भिंतीला धरतात. हेडचं नाक खाचेत थोडं पुढे आलेलं असतं. कार्ड आलं की हेड मागे सरतं आणि कार्डाच्या वळणाप्रमाणे कलतं. पण हे स्वातंत्र्य मोजून दिलेलं असतं. मागेपुढे व्हायला मुभा, कलायला मुभा. मात्र कार्ड सरकतं त्या दिशेने ओढलं जायला मुभा नाही, आणि स्वतःभोवती फिरायला तर मुळीच नाही. कारण फट खुणांना समांतर राहिली पाहिजे. ती तिरपी झाली की एका वेळी शेजारशेजारच्या दोन खुणा वाचल्या जातात आणि गोंधळ होतो. हेडच्या ताराही लवचिक लागतात. तार ताठ असेल तर तीच स्प्रिंगचं काम बिघडवते.

दाब किती ठेवायचा? कमी ठेवला तर कार्डाची कड आदळताच हेड उडतं. जास्त ठेवला तर हेड झिजतं आणि पट्टीही. म्हणूनच पट्टीच्या सुरुवातीला मजकूर नसतो, नुसती शून्यं असतात. तेवढ्यात हेड स्थिरावतं आणि यंत्राला हाताचा वेग कळतो. तुम्ही सावकाश घासा की झटकन, प्रत्येक खूण आपला ठेका बरोबर घेऊन येते. माणूस घाईत असणार, त्याचा हात थरथरणार, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. मला तिच्यात एक नीती दिसते.

नोटबंदीनंतर, 1 डिसेंबर 2016 रोजी, ठाणे जिल्ह्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. वाण्याच्या गल्ल्याशेजारी स्वाइप मशीन आलं. कार्ड चाललं नाही की आपण ते शर्टाला पुसून पुन्हा घासायचो, आणि मागच्या रांगेला वाटायचं, ह्याच्या खात्यात पैसे नसतील. खरं कारण कदाचित केसाएवढं असायचं.

पण संपर्क झाला म्हणजे ज्ञान खरं ठरलं का? न्यायदर्शनाने व्याख्येत आणखी एक अट घातली आहे : ज्ञान अव्यभिचारी हवं, म्हणजे न चुकणारं. हेडला खुणा कळतात, खरी कुठली आणि नक्कल कुठली हे कळत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले, त्यातला मोठा हिस्सा 28 देशांतल्या एटीएममधून, नकली कार्डांनी. बँकेच्या यंत्रणेतही शिरकाव झाला होता, त्यामुळे पलीकडून होकार मिळत गेला. इकडे हेडने आपलं काम चोख केलं होतं. रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यायला 31 डिसेंबर 2018 ही मुदत ठेवली होती. मास्टरकार्डने तर 2033 पर्यंत आपल्या कार्डांवरून पट्टी पूर्ण घालवायचं जाहीर केलं आहे.

पट्टी जाईल. संपर्काचा प्रश्न मात्र जात नाही, तो आता आपल्या अंगठ्यावर आला आहे. 14 एप्रिल 2017 रोजी आपल्या नागपुरातच भीम-आधारची सुरुवात झाली. कार्ड नको, अंगठा टेकवा. आता आपल्या तालुक्यात कोणी कापूस वेचतं, कोणी धानाच्या बांधीत उभं असतं, कोणी गोंडेगावच्या कोळसा खाणीत जातं. कामाने रेषा झिजतात. रेशन दुकानात म्हातारीला सांगतात, आजी, अंगठा पुसा, पुन्हा टेकवा, नाहीतर उद्या या. म्हणजे इथे कार्डालाच सरळ हो म्हणतोय आपण.

डोळ्याच्या बुबुळाची खूण, मोबाइलवरचा ओटीपी अशा पर्यायी वाटा आहेत. त्या वाटा म्हणजेच इथली स्प्रिंग. ती कागदावर असून भागत नाही, प्रत्येक दुकानात ती दबली आणि कलली पाहिजे. झिजलेल्या कार्डासाठी हेडला वाकायला शिकवणं माणसाला साधलं होतं. झिजलेल्या अंगठ्यासाठी ते न साधण्यासारखं काय आहे, हे तुम्ही रेशन दुकानात विचारा, ग्रामसभेत विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत आजीला ‘उद्या या’ म्हणू देऊ नका.