बर्नाडेटमधला गळालेला ‘र’

वसईच्या ख्रिस्ती घरातले नाव म्हणजे पोर्तुगीजच, असे आपण धरून चालतो. परेरा, लोपीस, फर्नांडिस या आडनावांपुरते ते खरेही आहे. पण बर्नाडेट हे मुलीचे नाव त्या हिशेबात बसत नाही. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला १७३९ मध्ये जिंकला. हे नाव जगभर पोचवणारी बर्नाडेट सुबिरू जन्मली १८४४ मध्ये, फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लुर्द गावात. १८५८ मध्ये तिला पवित्र मरियेची अठरा दर्शने झाली आणि १९३३ मध्ये ती संत ठरली. पोर्तुगीज अंमल तोवर कधीच सरला होता.

नावाचे मूळ जर्मानिक: बर्नार्ड, म्हणजे अस्वलासारखा कणखर. त्याचे स्त्रीरूप बर्नार्द आणि त्याला लाडाचा ‘एत’ प्रत्यय. बाप्तिस्म्याच्या वेळी लुर्दच्या या मुलीला मावशीचे बर्नार्द हेच नाव दिले होते. घरीदारी मात्र ती बर्नादेत. मग मधला ‘र’ गेला कुठे? सोपे उत्तर असे की, जवळजवळ आलेल्या दोन ‘र’पैकी एक बोलताना गळाला. मला हे पटत नाही. बर्नार्दीन या फ्रेंच नावातही दोन ‘र’ आहेत, तिथे ते टिकले. मग इथेच एक का गळावा? माझ्या मते याचे उत्तर लुर्दच्या बोलीत आहे. बर्नाडेट लहानपणी फ्रेंच बोलत नव्हती, गास्कन बोलत होती, आणि दक्षिण फ्रान्समधल्या त्या भाषाकुळात बर्नार्डचे रूप आहे ‘बर्नात’. त्यात दुसरा ‘र’ आधीपासूनच नाही. बर्नातची लाडकी ती बर्नादेत. शेजारच्या पो शहरात १७६३ मध्ये जन्मलेला आणि पुढे स्वीडनचा राजा झालेला सेनानी पाहा: त्याचे आडनाव बर्नादोत, त्यातही दुसरा ‘र’ नाही. स्वीडनचे राजघराणे आणि वसईतली बर्नाडेट यांच्या नावांची माती एकच, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

यावर आक्षेप येईल की, राजवट गेली तरी वसईची बरीच चर्चे १९२८ पर्यंत पोर्तुगीज पाद्रोआदोच्या, म्हणजे पोर्तुगालच्या चर्चवरील आश्रयाधिकाराच्या, कारभारात होती, तेव्हा नाव त्याच वाटेने आले असेल. पण पोर्तुगालात रूढ असलेले रूप आहे बर्नार्देत, आणि त्यात दुसरा ‘र’ शाबूत आहे. वसईतल्या उच्चारात तो नाही, शिवाय शेवटी ‘डेट’ आहे, ‘देत’ नव्हे. तेव्हा गास्कन बोलीतले नाव फ्रेंचने उचलले आणि ते इंग्रजीच्या हातून आपल्याकडे आले, हाच क्रम मला खरा वाटतो. गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत. त्या सांभाळणाऱ्यांनी आपल्या गावातली पहिली बर्नाडेट १९३३ च्या आधीची की नंतरची, आणि तिच्या नावात पाद्रीबाबांनी एक ‘र’ लिहिला की दोन, एवढे अवश्य पाहावे.