वास्तुरेखाटन, मुक्तहस्त

नियोजित वास्तूची कल्पना वास्तुविशारदाने उपकरणांच्या साहाय्याशिवाय, केवळ हाताने कागदावर उतरविणे, म्हणजे मुक्तहस्त वास्तुरेखाटन होय. तलविन्यास, छेददृश्ये इ. प्रमाणबद्ध आरेखने बांधकाम करणाऱ्यांसाठी असतात. मुक्तहस्त रेखाटन हे प्रामुख्याने वास्तुविशारदाच्या स्वतःच्या विचारासाठी असते. तथापि आधुनिक काळात अशा रेखाटनांवरूनच मोठ्या वास्तू स्वीकारल्या गेल्या व त्यांतून बिकट प्रश्न उद्‌भवले.

एरिख मेंडेलझोन (१८८७–१९५३) याने पहिल्या महायुद्धात आघाडीवर असताना लहान कागदांवर प्रवाही आकारांच्या वास्तू रेखाटल्या. त्यांतील वळणे पॉट्सडॅमच्या आइन्स्टाइन मनोऱ्यात उतरली. परंतु काँक्रीटचा भासणारा हा मनोरा बऱ्याच अंशी विटांचा असून त्यावर गिलावा आहे.

याहून बोलके उदाहरण सिडनीच्या ऑपेरागृहाचे. १९५७ मध्ये स्पर्धा जिंकलेल्या यर्न उत्सन (१९१८–२००८) या डॅनिश वास्तुविशारदाच्या चित्रांत शिडांसारखी कवचे डौलदार दिसत होती. मात्र त्यांना निश्चित भूमिती नव्हती. ओव्ह अरुप यांच्या संस्थेतील अभियंत्यांनी अन्वस्त, विवृत्तज इ. अनेक पृष्ठे तपासून पाहिली. अखेर १९६१ मध्ये सर्व कवचे सु. ७५ मी. त्रिज्येच्या एकाच गोलातून कापलेली मानण्याची कल्पना पुढे आली. त्यामुळे फासळ्यांचे भाग ठरावीक साच्यांतून पुनःपुन्हा ओतता आले. मूळ रेखाटनातील सखल कवचे मात्र या रूपांतरात उभट झाली. वाढता खर्च व शासनाशी झालेले मतभेद यांमुळे उत्सन याने १९६६ मध्ये काम सोडले; १९७३ मधील उद्‌घाटनास तो उपस्थित नव्हता. या विलंबाचा सर्व दोष रेखाटनाला देणे न्याय्य नाही : पाया अभिकल्प पूर्ण होण्यापूर्वीच घालण्यात आला होता.

आयव्हन सदरलंड याच्या ‘स्केचपॅड’ने (१९६३) संगणकाच्या पडद्यावर रेषा काढण्याची सोय केली. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ आल्यानंतरच्या दोन दशकांत बहुतेक कार्यालयांतील आरेखनफलक हटले. बांधकामाची आरेखने संगणकाकडे गेली, तरी प्राथमिक रेखाटन टिकून राहिले. बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी (१९९७) फ्रँक गेरी याने प्रथम गुंतागुंतीच्या वेटोळ्या रेषाच काढल्या; त्यांवरून प्रतिकृती बनविल्या गेल्या आणि त्यांच्या पृष्ठांची मापे विमान-उद्योगासाठी विकसित झालेल्या आज्ञावलीत भरण्यात आली.