वल्ह्याचे तेल-रोगण

इतिहास म्हटला म्हणजे तह, तोफा आणि तट एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आपल्या परिसरात त्यांची वाण नाही. इ. स. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली. पुढे १७३९ साली, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, उत्तनजवळचा धारावीचा कोट मराठ्यांनी सर केला व त्याच वर्षी मे महिन्यात वसईही पडली. राज्ये बदलली, तरी खाडीत वारा पडला म्हणजे होडी पैलतीरास नेणारे वल्हे तेच राहिले. त्या वल्ह्याचे लाकूड आपल्या वाडवडिलांनी कशाने राखले, हाही इतिहासच होय, असे आम्हांस वाटते.

प्रथम रोग ओळखावा, मग औषध. सदैव पाण्यात असलेल्या होडीच्या तळास लाकूड पोखरणाऱ्या सागरी किडीचे भय असते. म्हणून तळास चुना व तेल यांचा लेप देत. वल्ह्याचे तसे नाही. काम संपताच ते कोरड्यावर येते. त्याचे शत्रू दोन: वारंवार भिजणे-सुकणे आणि ऊन. लाकडाच्या शिरा जेथे कापल्या जातात त्या टोकातून पाणी सर्वांत अधिक शिरते; म्हणून पाते टोकाकडून तडकते.

सर्वांत जुना व हाताशी असलेला उपाय मुशी माशाच्या यकृताच्या तेलाचा. ते लाकडात मुरते व पाणी दूर ठेवते. मात्र वास उग्र, आणि लेप पुनःपुन्हा द्यावा लागतो. कोकणात उंडीच्या बियांचे कडू तेलही याच कामी येई. दक्षिण कोकणात व गोव्यात काजूच्या टरफलांचे तेल वापरीत. काजूचे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले. म्हणजे परक्यांच्या झाडाने आपल्या होड्या राखल्या! हे तेल काळे, चिवट व किडीस मारक आहे, पण कातडीस लागल्यास फोड आणते. मूठ धरावयाच्या जागी ते कधीही लावू नये.

एकोणिसाव्या शतकात झांजीबारचा चंद्रूस मुंबईच्या बाजारात येई. तो तापवून जवसाच्या तेलात विरघळविला म्हणजे उत्तम रोगण होते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. खोबरेल तसे होत नाही, म्हणून वल्ह्यास ते व्यर्थ. पुढे दगडी कोळशापासून निघणारे डांबर आले. ते तळास ठीक, परंतु उन्हात मऊ होऊन हातास चिकटते.

आज बाजारात कृत्रिम रोगणांचे डबे मिळतात. साधे, चकचकीत रोगण उन्हात तडकते, त्या भेगेतून पाणी आत शिरते आणि वरून लखलखीत दिसणारे लाकूड आतून कुजते. यास्तव निवड करावयाची तर ती अशी: पात्यास ऊन सोसणारे, जहाजी कामाचे रोगण पातळ थरांनी द्यावे व टोकास दोन थर अधिक, दांड्याच्या मुठीस मात्र केवळ जवसाचे तेल चोळून पुसून घ्यावे, कारण गुळगुळीत मूठ ओल्या हातातून निसटते. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप तापून पेट घेतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात. आणि कोणताही लेप कायमचा नसतो; दर पावसाळ्यानंतर तो पाहिलाच पाहिजे.

२०२४ साली भाईंदर-वसई दरम्यान मोटारी वाहून नेणारी मोठी नाव सुरू झाली. ती प्रगती आम्हांस प्रियच आहे. परंतु आपल्या घराघरांत कोणत्या तेलात काय किती मिसळीत, ते किती दिवस मुरवीत, हे ज्ञान कागदावर उतरलेले नाही. ते वृद्धांच्या जिभेवर आहे, आणि वृद्ध एकेक करून जात आहेत. तट पडला तर दगड तरी उरतात. हातचे ज्ञान गेले म्हणजे काहीच उरत नाही. म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे की, माळ्यावरील जुने वल्हे शोभेसाठी घाईने रंगवू नका. त्यावरील जुना थर कशाचा होता, हे आधी आजोबा-आजींस विचारा आणि ते वहीत टिपून ठेवा. अशा दहा घरच्या वह्या जमल्या, तरी या स्मरणिकेच्या पुढील अंकास त्याहून मोलाचा मजकूर मिळणार नाही.